खिडकीतली पाचवी बाई

बेबीनंदाचं तोंड उघडलं ते शाळेच्या गॅदरिंगला, आणि मग ते काही केल्या मिटेना.

त्याआधी ही नववीतली पोरगी हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा पुढचीच्या वेणीआड लपायची. पण त्या जानेवारीत भाषणाला नाव दिलेली मुलगी ऐन वेळी तापानं फणफणली, आणि चित्रकलेच्या देवानंद सरांनी हिला हाताला धरून स्टेजवर उभं केलं. आवाज असा काही निघाला की मागं बिड्या ओढत बसलेली माणसंही गप झाली. शाळेच्या कमिटीचे पुंजाराम तात्या तर उठूनच म्हणाले, "रखमाजी, तुही पोरगी वकील व्हते बघ!" झालं. तेव्हापासून बेबीनंदा सगळीकडं बोलायची. हापशावर बोलायची, गिरणीत दळणाच्या रांगेत बोलायची, गुरुजी फळ्याकडं वळले की वर्गात बोलायची. आई कपाळाला हात लावायची. "या पोरीच्या जिभीला घुंगरं कुनी बांधले गं बाई?"

गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठाशी, काळ्या दगडात कोरलेलं एक लेणं होतं. लहानसंच. टेंभुर्णीच्या बाजाराची वाट त्याच्या डोक्यावरूनच जायची. आत महादेवाची पिंड. दाराच्या एका अंगाला मगरीवर उभी असलेली बाई, दुसऱ्या अंगाला कासवावर उभी असलेली बाई. आणि दारावरच्या पट्टीत ओळीनं अकरा कमानी, प्रत्येक कमानीत नारळाएवढं एकेक तोंड, खिडकीतून डोकावल्यासारखं. गावात त्याला बायांचं लेणंच म्हणायचे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तिथं नारळ फोडले, पण मान वर करून त्या तोंडांकडं कुणी पाहिलं असेल तर शपथ.

पाहायचे ते देवानंद सर. सर बौद्धवाड्यात त्यांच्या मावशीकडं, कांताबाईकडं राहायचे. रविवार उजाडला की खांद्याला खाकी पिशवी अडकवून लेण्यात. आतल्या भिंतीवर झिजलेल्या दोन ओळी होत्या, त्यांचे ठसे घ्यायचे. कागद ओला करून भिंतीला चिकटवायचा, ब्रशनं ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, वाळत आला की जुन्या जालन्यातून आणलेल्या शाईचा बोळा वरून फिरवायचा. कागद काळा होई आणि अक्षरं पांढरी उठून दिसत.

गावाला हे पटायचं नाही. "आसं कोन फुकट भिताडाला कागद लावत बसतं?" हापशावर चर्चा चाले. "गुप्तधनाचा नकशा उमटून राह्यला त्याच्यावर. बाहत्तरच्या दुष्काळात नांगराखाली रांजन लागला व्हता ना मांडवेवाल्याला? मंग!" कुठला मांडवेवाला, कुठला रांजण, विचारायची सोय नव्हती.

फेब्रुवारीत सरांनी आख्खा नववीचा वर्ग लेण्यात नेला. बेबीनंदा तर सगळ्यांच्या पुढं.

"मूर्तीकडं लगेच बघू नका," सर म्हणाले. "आधी सावली बघा. छिन्नी कुठं खोल गेली, कुठं नुसती घसरली, ते सावली सांगते."

आणि खरंच की! इतक्या वर्षांचा तो काळा दगड, त्यात मगरीवरच्या बाईच्या कमरेचा शेला एकाएकी वाऱ्यानं हलल्यासारखा दिसला. मगरीच्या दातांत अडकलेला मासासुद्धा दिसला. बेबीनंदा "अय्या!" म्हणून एवढ्यानं ओरडली की छतावरची वटवाघळं उडाली आणि पोरी किंचाळत बाहेर पळाल्या.

पण तिचा जीव जडला तो वरच्या पाचव्या खिडकीवर. बाकीची दहा तोंडं सरळ समोर बघत होती, फोटो काढायला बसल्यासारखी. पाचवी मात्र मान तिरपी करून, ओठ दाबून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती. शेजारच्या घरात भांडण लागावं आणि ह्या बाईनं चुलीवरचं दूध सोडून ऐकायला यावं, अगदी तशी. बेबीनंदानं वहीची तीन पानं तिच्यावर खर्च केली.

निघताना सर सगळ्यांच्या मागून आले. पिशवी एवढी जड की त्यांचा एक खांदा पार कलला होता. बेबीनंदा धावली. "सर, मी घेऊ का?"

"नको, नको!" सर एकदम मागं सरले. "हात लावू नको तिला."

सर कधी असं तुटक बोलत नसत. तिनं ते मनात ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात तिच्या घरी आनंदीआनंद झाला. ओढ्याकाठच्या मळ्यात तिचे वडील, आबा, नवी विहीर खोदत होते. लेण्यापासून दोन शेतं अलीकडं. दीड महिना सुरुंग लागत होते आणि कोरडा धुरळा उडत होता. मंगळवारी अखेर पाणी लागलं. मळ्यातल्या खोपीत राहणारी विधवा सगुणाआत्या तर पाण्यात उभी राहून रडली म्हणे.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी गावातल्या बाया लेणं धुवायला गेल्या. बेबीनंदा आईबरोबर होतीच. घागर खाली ठेवली आणि मान वर केली. पाचव्या कमानीत नुसता खड्डा. आतला दगड निळसर, ताजा, नुकताच फुटल्यासारखा.

"पाचवी बाई कुठं गेली?" ती ओरडली.

"कोनती पाचवी?" बाया म्हणाल्या. त्यांनी कुठं कधी मोजल्या होत्या!

"अगं, आमच्या सहलीच्या दिवशी व्हती! मी काढली ना वहीत! आन् त्या दिवशी सरांची पिशवी..." इथं थांबायला हवं होतं. पण दहा बाया हातातली कामं सोडून तिच्याकडं बघत होत्या, आणि स्टेजवरच्यासारखं सगळं गप झालं होतं. "सरांची पिशवी इतकी जड व्हती की खांदा वाकला व्हता! मी घेते म्हनलं तर हातच लावू देईनात!"

झालं. लेणं धुऊन बाया वर येईस्तोवर बोलणं गावात पोचलं होतं. वाटेत त्याला हातपाय फुटले. मास्तरानं रातच्याला तोंड काढलं. मास्तरानं ते मुंबईला विकलं. त्यात सोनं होतं. आता बौद्धवाड्यातले म्हणतील बाई आमच्या बुद्धाची आहे, लेणंच आमचं आहे. आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच: "रखमाजीच्या पोरीनं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं."

महाशिवरात्रीच्या संध्याकाळी पुंजाराम तात्या, पोलीस पाटील सर्जेराव आणि चार माणसं कांताबाईच्या घरी गेली. कणग्या उपसल्या, ज्वारी अंगणात ओतली, चुलीमागची माती उकरली. सापडले ते ठशांचे काळे कागद. ते त्यांनी ताब्यात घेतले. तात्यांनी सांगून टाकलं, सोमवारी कमिटीची बैठक, त्या दिवशी मूर्ती समोर आली नाही तर मास्तराला शाळेतून काढायचं आणि जाफराबादच्या ठाण्यात द्यायचं.

दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला सर आले. डोळे सुजलेले, शर्टाला इस्त्री मात्र कडक. मुलांनी बाकं मागं सरकवली. सर फळ्यावर काही न काढता सरळ बेबीनंदापाशी आले.

"तू पाहिलंस?"

"पिशवी जड व्हती सर."

"कशावरून?"

"खांदा कलला व्हता."

"खांद्याचं बरोबर पाहिलंस," सर म्हणाले आणि परत खुर्चीवर जाऊन बसले.

एवढंच बोलले. रागावले असते, ओरडले असते, तर बरं झालं असतं. बेबीनंदाला वाटलं, चोर असा बोलतो का? मग वाटलं, हुशार चोर असाच बोलत असेल. मग पिशवीला हात का लावू दिला नाही? घरी आल्यावर तिनं गुपचूप सामानाला गुंडाळून आलेल्या जुन्या वर्तमानपत्रांची चळत घेतली, हौदात बुडवली, दप्तरात भरली आणि खांद्याला लावली.

खांदा कलला. पार कलला. आणि दप्तर काढताना बोट लागलं तिथं कागद लगद्यासारखा फाटला.

हात लावू नको तिला.

त्या दिवशीचे ठसे सरांनी वाळायच्या आधीच उतरवले असणार. मग बाई गेली कुठं? आता तिला सगळ्यांचाच संशय यायला लागला. तात्या एवढे का चवताळलेत? पाटलाच्या घरी परवा मुंबईचा पाहुणा कशाला आला होता? गिरणीवाला तिला बघून का हसला? दोन दिवस ती माणसांच्या हातांतल्या पिशव्याच बघत फिरली.

रविवारी आईनं तिला मळ्यात भाकरी घेऊन पाठवलं. आबा वरच्या वावरात होते. सगुणाआत्या विहिरीच्या काठाला उंबराखाली बसून साती आसरांना शेंदूर लावत होती. पाण्यातल्या या सात देवी. नवी विहीर खोदायला घेतली की ओढ्यातले सात दगड आणून काठाला मांडायचे, शेंदूर लावायचा, हिरव्या बांगड्या वाहायच्या, म्हणजे पाणी टिकतं आणि विहीर कुणाचा जीव घेत नाही.

"ये गं वकीलसायब," आत्या म्हणाली. "पाया पड जल्दी. यांच्यामुळं पानी लागलं."

बेबीनंदा वाकली. ऊन उतरलं होतं, तिरपं झालं होतं. सहा दगडांच्या सावल्या गोल होत्या. मधल्या दगडाच्या शेंदरावर मात्र एक बारीक उभी सावली होती, आणि तिच्या खाली एक आडवी. नाक. आणि दाबलेले ओठ.

ती तशीच वाकून राहिली.

"आत्या, ही कुठून आनली?"

"आनली कुठं? सोताच आली." आत्याचा चेहरा उजळला. "सा दगड मिळाले, सातवा काही मनाजोगा मिळंना. सोमवारी सुरुंग उडाला, मी म्हशीमागं लेण्यात गेलते, तं ही खाली पडेल व्हती. तोंड वर करून. माह्याकडं बघून राह्यली. म्यां पदराच्या वट्यात घेतली, इथं मांडली. अन् मंगळवारी पानी! आता बोल."

"आत्या, ही लेण्यातली बाई हाय! तिच्यापायी सरांना ठान्यात देऊन राह्यले!"

आत्याचा शेंदराचा हात हवेतच थांबला. मळ्यातून ती फारशी गावात जात नसे. तिच्यापर्यंत काही आलंच नव्हतं. "मंग तुह्या बापानं कसं न्हाई सांगितलं मला? त्यानं तं पाह्यली ही. त्यानंच म्हनलं, शेंदूर जाड लाव."

शेंदूर जाड लाव!

आबा घाम पुसत खाली आले. तिचं तोंड बघितलं, दगडाकडं बघितलं आणि न विचारताच बोलले. "गप राह्यचं. बिलकुल कुठं बोलायचं न्हाई."

"आबा, तुमाला माहीत व्हतं?"

"माह्या सुरुंगानं पडलं ते. परवाना घेतल्याला न्हाई. लेनं फोडलं म्हनून केस व्हईल, हीर बुजवायला लावतेन. दीड महिना दगड फोडलेत म्यां." आबांचा आवाज खाली आला. "मास्तराचं काय, एकटा जीव. बदली घिईल दुसरीकडं."

"ठान्यात देनारेत त्यांना!"

"तूच तं म्हनलीस पिशवी जड व्हती," आबा म्हणाले. "म्यां म्हनलं व्हतं का?"

एवढी बोलकी पोरगी, पण भाकरीचं फडकं घडी करत राहिली. बापाचा इतका राग तिला कधी आला नव्हता, आणि त्याहून वाईट म्हणजे तो खोटं बोलत नव्हता.

सोमवारी शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या. कमिटीची माणसं, सर्जेराव पाटील, आणि फुकटचा तमाशा बघायला निम्मं गाव. आबाही होते, लिंबाखाली, टोपी डोळ्यांवर ओढून. देवानंद सर एकटेच उभे. त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती.

"बेबीनंदा, ये पुढं," तात्या लाडानं म्हणाले. "सांग बाई, काय पाह्यलं. भेयाचं न्हाई."

ती पुढं गेली. समोर सगळं गप झालं, अगदी गॅदरिंगसारखं. ह्या वेळी मात्र तिला त्या गप होण्याची भीती वाटली.

"म्यां पिशवी पाह्यली," ती म्हणाली. "पिशवीत काय व्हतं ते पाह्यलंच न्हाई. बाई आमच्या हिरीवर हाय. सुरुंगानं पडली. सगुणाआत्यानं आसरा म्हनून मांडली."

पटांगणात एकदम कालवा उठला. लिंबाखाली आबांच्या भोवतीची माणसं एक एक पाऊल बाजूला सरली.

सगळी वरात मळ्यात. सगुणाआत्या उंबराखाली आसरांच्या पुढं मांडी घालून बसलेली, जशी काही त्यांची वाटच बघत होती.

"म्यां आनली," तिनं कुणी विचारायच्या आत सांगितलं. "चोरी न्हाई केली. पडेल देव उचलून नीट बसवला. तुमी तं पिढ्यान्‌पिढ्या तिच्याखाली नारळ फोडले, नाव तरी माहीत व्हतं का तिचं?"

"मास्तरानंच आनून ठिवली असंल," तात्या म्हणाले. "अन् ह्यांना हाताशी धरलं असंल."

"तात्या, माही जीभ झडो खोटं बोलले तं," आत्या म्हणाली. "उचला, न्या बराबर. हातानं उचला."

तात्यांनी पाटलाकडं बघितलं. पाटलानं कमिटीकडं बघितलं. शेंदूर लावलेली आसरा, तीही भरल्या विहिरीवरची! उचलली आणि उद्या कुणाचं पोर विहिरीत पडलं, तर गाव कुणाचं नाव घेईल? सर्जेराव पाटलानं हात पुढं केला, बांगड्या किणकिणल्या, आणि त्यानं तो हात वहाणेचा अंगठा नीट करायला वापरला.

"मास्तर," तात्या घसा खाकरून म्हणाले, "तुमीच उचला. तुमचा काही इश्वास न्हाई या गोष्टींवर."

देवानंद सर पहिल्यांदाच हसले, पण त्या हसण्यात काही गोड नव्हतं. "नाही तात्या. मी हात लावला, की उद्या म्हणाल मास्तरानंच नेली होती. पाटलांनी लिहावं. जिथं आहे तिथं आहे, कुणी आणली, कशी पडली. सगुणाबाईंनी अंगठा द्यावा, रखमाजींनी सही करावी."

आबांकडं सगळे वळले. आबांनी टोपी काढली, परत घातली. "सुरुंग माहा व्हता," ते म्हणाले. "ल्ह्या." ते सही करायला वाकले तशी बेबीनंदानं नजर ओढ्याकडं वळवली.

पाटलानं कागद घडी करून खिशात घातला. पुढं केस होईल की कागद पाटलाच्या कपाटात पडून राहील, हे कुणीच सांगितलं नाही. माणसं पांगली. जाता जाता तात्या पुटपुटलेच, "पन पिशवीत काय व्हतं ते काही कळलं न्हाई."

"वल्ला कागद, तात्या!" बेबीनंदा मागून ओरडली. "म्यां घरी करून पाह्यलं!"

तात्यांनी मागं वळून बघितलं नाही.

सर विहिरीच्या काठाशी थांबले होते, मधल्या दगडाकडं बघत. ती जवळ गेली. "सर, चुकलं माझं."

"शाळेत मी परत येईन उद्या," सर म्हणाले. "माझं काय, माझे कागद मिळतील. पण तुझ्या त्या एका बोलण्यावर सहा माणसांनी मावशीची ज्वारी मातीत ओतली. ती अजून निवडतेय. मला काय सांगतेस?"

बौद्धवाडा गावाच्या त्या टोकाला. बेबीनंदा आजवर तिकडं कधी गेली नव्हती. कुणी नको म्हणायची गरजही पडली नव्हती. ती निघाली. मागं चपलांचा आवाज आला म्हणून वळून बघितलं, तर आबा. ते तिच्या मागं आले आणि वाड्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. तिथून पुढं त्यांचा पाय उचलेना.

कांताबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. एका बाजूला खड्यांचा ढीग, एका बाजूला धान्याचा. सावली पडली तशी तिनं वर बघितलं आणि सूप छातीशी धरलं.

"कोन गं? आता काय तपासायचं राह्यलं?"

बेबीनंदाचं तोंड उघडलं. आणि काय आश्चर्य, त्यातून शब्दच निघेना. वाटेत तिनं सगळं भाषण पाठ केलं होतं. ती अंगणाबाहेर नुसती उभी राहिली, वेणीचं टोक हातात धरून.

"रखमाजीची पोरगी नव्हं तू?" कांताबाई तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाली. "ती पिशवीवाली?"

"हौ, मावशी. म्यां न पाह्यलेलं बोलले."

कांताबाईनं सूप खाली ठेवलं आणि बसल्या जागी थोडी सरकली.

"मंग आत येऊन बोल," ती म्हणाली. "बाहीरून बोलल्यालं लई ऐकलं."